परदेशी वितरक नेमताना उत्पादनाची नोंदणी कुणाच्या नावावर होतेय ते आधी बघा

एचएस कोड (कस्टम्ससाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक), इन्कोटर्म्स (वाहतुकीचा खर्च आणि जोखीम कुणाची हे ठरवणाऱ्या अटी), बँकेची कागदपत्रं हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. वितरक मिळणं तसं अवघड नाही. आमचं उत्पादन म्हणजे फिजिओथेरपीचं एक छोटं उपकरण. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या 'मेडिका'सारख्या वैद्यकीय उपकरणांच्या प्रदर्शनात स्टॉल लावला की व्हिजिटिंग कार्डांनी पिशवी भरते. पंचाईत नंतर सुरू होते.

कारण सगळ्यात उत्साही माणूस म्हणतो, "आमच्या देशाचे एकमेव हक्क द्या, सरकारी नोंदणीचा खर्च आम्ही करतो." खर्च वाचतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? आमच्या वितरकाने पहिली ऑर्डर दिली आणि मग फोन उचलणंच कमी केलं. त्याच्याकडे तशाच प्रकारचं दुसऱ्या कंपनीचं उपकरण होतं, त्यात मार्जिन जास्त होतं. आमचा माल त्याला विकायचा नव्हता, फक्त दुसऱ्या कुणाला विकू द्यायचा नव्हता.

आता नीट वाचा, कारण इथेच सगळे फसतात. करार रद्द करता येतो, पण त्या देशात उपकरण विकायला लागणारी सरकारी नोंदणी त्याच्याच नावावर राहते. नवा वितरक नेमलात तरी त्याचा माल कस्टम्समधून सुटणार नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा चाचण्यांचे अहवाल, पुन्हा वाट बघणं. ब्राझीलमध्ये वैद्यकीय उपकरणाची नोंदणी स्थानिक कंपनीच्याच नावावर लागते हे खरं, पण ती कंपनी तुमचा वितरकच असावा असं काही नाही. फी घेऊन फक्त नोंदणी सांभाळणाऱ्या त्रयस्थ कंपन्या असतात. युरोपीय संघात तर अधिकृत प्रतिनिधी (उत्पादकाच्या वतीने तिथल्या सरकारी यंत्रणेशी व्यवहार करणारा) आणि आयातदार या भूमिका कायद्यानेच वेगळ्या आहेत. वर्षाची फी जड वाटेल, तरी भरा. अगदीच इलाज नसेल तर करार संपल्यावर किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने नोंदणी हस्तांतरित होणार, हे सही करण्याआधी लिहून घ्या. आणि त्या देशात असं हस्तांतर मुळात होतं का, हे तिथल्या वकिलाला विचारा, वितरकाला नाही.

ट्रेडमार्कचंही तेच. चीनसारख्या देशांत सर्वसाधारणपणे जो आधी अर्ज करेल त्याचा हक्क. एजंटाने तुमच्या परवानगीशिवाय ब्रँड स्वतःच्या नावावर केला तर ट्रेडमार्क-पेटंटविषयीच्या आंतरराष्ट्रीय पॅरिस कराराच्या आधारे दाद मागता येते, पण भांडत बसण्यापेक्षा प्रदर्शनाआधीच माद्रिद पद्धतीने, म्हणजे एकाच अर्जात अनेक देशांसाठी, ट्रेडमार्कचा अर्ज करा.

वितरकाची चौकशी फार महाग नसते. ब्रिटिश कंपनी असेल तर 'कंपनीज हाउस' या तिथल्या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटवर तिची माहिती आणि जमा केलेले ताळेबंद फुकट दिसतात, युरोपीय संघातला व्हॅट क्रमांक संघाच्याच 'व्हीआयईएस' या वेबसाइटवर तपासता येतो. पण खरी माहिती त्याने दिलेल्या संदर्भांकडून मिळत नाही. ज्या कंपन्यांचा माल तो पूर्वी विकायचा आणि आता विकत नाही, त्यांना फोन लावा. सोडताना कसा वागला, एवढंच विचारा.

खरेदीदारांच्या विकत मिळणाऱ्या याद्या मी तरी घेणार नाही. मार्गदर्शक म्हणवणाऱ्यांनी स्वतः कधी कंटेनर भरलाय का तेही विचारा. मला भेटलेल्या बहुतेकांनी फक्त सेमिनार भरवले होते.

हे वाचून बेत रद्द करू नका. बहुतेक वितरक लबाड नसतात, त्यांच्याकडे आधीच खूप ब्रँड असतात इतकंच. पहिल्या वर्षी एकमेव हक्क देऊच नका. द्यावेच लागले तर किमान खरेदीचा आकडा घाला, आणि तो चुकला की हक्क आपोआप एकमेव राहणार नाहीत, दुसरा वितरकही नेमता येईल असं लिहा. कमिशन एजंट (स्वतः माल विकत न घेता कमिशनवर ऑर्डर आणणारा) नेमणार असाल तर युरोपीय संघाचा अशा एजंटांविषयीचा १९८६ चा निर्देश वाचा, संबंध तोडताना भरपाई द्यावी लागू शकते. बेल्जियममध्ये तर एकमेव वितरकालाही १९६१ च्या कायद्याने संरक्षण दिलं, ते आता तिथल्या आर्थिक कायद्याच्या संहितेत आहे. पहिल्या ऑर्डरचे पैसे आगाऊ मागायला लाजू नका.

आणि चांगला वितरक पहिल्याच भेटीत थोडा त्रासदायक वाटतो. सुटे भाग किती वर्षं मिळतील, खराब नग परत पाठवायचा खर्च कुणाचा, हे विचारून ज्याने आम्हाला हैराण केलं, तोच आज आमचा सगळ्यात जास्त माल उचलतो.