थंडीत बागेत फुलपाखरं दिसत नाहीत? या चुका टाळा

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत दर जानेवारीत कुणीतरी विचारतंच, "यंदा फुलपाखरं गेली कुठे हो?" विचारणारे बहुधा साडेसहाला फेरी मारून आलेले असतात. त्या वेळी फुलपाखरू पानाआड निपचित असतं. ऊन अंगावर घेतल्याशिवाय त्याला उडता येत नाही. मुंबईची थंडी ती काय, पण त्याला तेवढीही पुरते. नऊनंतर जा आणि पहिलं ऊन पडतं त्या कुंपणापाशी थांबा. पंख पसरून शेकत बसलेली दिसतील. तुमची सावली मात्र पडू देऊ नका, लगेच उडतात.

खरी मोठी चूक कढीपत्त्यापाशी होते. मी स्वतः कितीतरी दिवस कुंडीतल्या पानांवरची पक्ष्याची विष्ठा धुऊन काढत होते. एकदा ती विष्ठा सरकली! कॉमन मॉरमॉनची आणि लाइम फुलपाखराची अळी लहानपणी अगदी तशीच काळी-पांढरी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. काडीने डिवचली तर डोक्यामागून लालसर दुशिंगी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. '२०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉन आपल्याकडे का येत नाही' म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. तेही लिंबू-कढीपत्त्याच्या गोतातल्या झाडांवरच अंडी घालतं. तेव्हा कडुनिंबाचा फवारासुद्धा नको. फोडणीला चार पानं कमी पडली तर भाजीवाल्याकडून आणावीत.

ओळखण्यातही फसगत होते. कॉमन मॉरमॉनची मादी बऱ्याचदा क्रिमझन रोझ या दुसऱ्याच फुलपाखराचं सोंग घेते. पंखांवर जाऊ नका, अंग बघा: रोझचं लाल, मादीचं काळं.

फक्त फुलांकडे बघणं हीही चूकच. हळदीकुंकू (कॉमन जेझेबेल) हे फुलपाखरू उंचावर, आंब्यावरच्या बांडगुळाभोवती घिरट्या घालतं. पिवळा-लाल थाट पंखांच्या खालच्या बाजूला असल्यामुळे खालून बघणाऱ्याचंच फावतं.

आणि पाचोळा रोज झाडून घेऊ नका. कॉमन इव्हनिंग ब्राऊन हे फुलपाखरू दिवसभर त्यातच बसून असतं आणि संध्याकाळी उडतं. त्याच्या पंखांखालचे पावसाळ्यातले डोळ्यांसारखे ठिपके कोरड्या दिवसांत जवळपास पुसले जातात, उरतं ते हुबेहूब वाळकं पान. आमच्या माळीमामांचा झाडू जवळ आला की ते उठतं आणि चार पावलांवर पुन्हा पाचोळा होऊन बसतं.