सही करण्याआधी साइटवर जा : आर्किटेक्ट आणि इंजिनिअरांनो, या चुका टाळा

१४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि सात जणांचा जीव गेला. त्याआधीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये या पुलाला फक्त किरकोळ दुरुस्ती सुचवली होती. काही दिवसांतच ऑडिटरला अटक झाली. माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला मी ही घटना पहिल्याच दिवशी सांगतो.

न बघता दिलेला दाखला

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बिल्डरचा फोन येतो, "सर, बँकेतून पैसे काढायचेत, फॉर्म पाठवलाय, तेवढी सही करा." रेरा या बांधकाम व्यवसायावर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानुसार घर घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. त्यातून पैसे काढायचे तर काम किती झालं, याचा दाखला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए या तिघांनी द्यायचा असतो. पाचवा स्लॅब भरलेलाच नसताना तो भरल्याचं तुम्ही लिहिलंत, तर कर्ज काढून घर घेणाऱ्याचे पैसे तुमच्या सहीनं खात्याबाहेर गेले.

म्हणून दाखला देण्याआधी स्वतः साइटवर जा. तारखेसह फोटो, क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ताकदीच्या चाचणीचे) रिपोर्ट, सळईची टेस्ट सर्टिफिकेटं फाइलला लावा. फक्त डोळ्यांनी पाहणी केली असेल तर तसंच लिहा. काँक्रीटची एकही चाचणी न करता इमारत 'सुस्थितीत' असल्याचं लिहून देऊ नका. निष्काळजीपणामुळे कुणाचा मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षं होती.

तोंडी बदल

"पार्किंगमध्ये गाडी वळत नाही, कॉलम फूटभर सरकवा." सेंटरिंग (काँक्रीट ओतण्याआधीचा साचा) चालू असताना कुणीतरी हे सांगतं, आणि मिस्त्री सरकवतोही. आरसीसी कन्सल्टंटला, म्हणजे सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला, ते कळतं स्लॅब भरल्यावर. साइटवर इन्स्ट्रक्शन बुक ठेवा, प्रत्येक सूचना तारखेसह लिहा, कॉन्ट्रॅक्टरची सही घ्या. फोनवर बोलणं झालं तर त्याच संध्याकाळी ईमेल करा. रेराचं कलम १४ विसरू नका : मंजूर नकाशात इमारतीच्या पातळीवर बदल करायचा तर दोन तृतीयांश घरधारकांची लेखी संमती लागते. ती घेण्याची जबाबदारी बिल्डरची, पण सुधारित नकाशावर सही तुमची असते, तेव्हा संमतीपत्रं आधी मागा.

फीचा करार नाही

ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला आपल्याला संकोच वाटतो. तो सोडा. फी कोणत्या टप्प्याला किती, साइट व्हिजिट किती, देखरेख तुमच्याकडे आहे की नाही, एवढं तरी लिहून घ्या. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. "पुढच्या महिन्यात देतो" ऐकण्यात ही तीन वर्षं सहज निघून जातात. काम घेण्याआधीच उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) केलेली असेल तर एमएसएमई, म्हणजे लघुउद्योगांच्या, कायद्यातली ४५ दिवसांची मर्यादा आणि थकबाकीवरचं चक्रवाढ व्याज तुमच्या बाजूनं उभं राहतं.

करारातलं लवादाचं, म्हणजे कोर्टाबाहेर वाद मिटवणाऱ्या मध्यस्थ निर्णायकाचं, कलमही वाचा. समोरच्या कंपनीचा प्रमुखच एकमेव लवाद नेमणार, असं लिहिलेलं पुष्कळदा दिसतं. पर्किन्स ईस्टमन ही आर्किटेक्ट कंपनी गुंटूरच्या एम्सच्या कामावरून थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. निकालात ज्याचा हितसंबंध आहे, त्याला एकट्यानं लवाद नेमता येणार नाही, असं न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

काम सोडलं, पण कळवलं नाही

बिल्डरशी बिनसलं म्हणून साइटवर जाणं बंद केलं, तरी महापालिकेच्या फाइलवर नाव तुमचंच राहतं. काम कुठवर झालं होतं ते फोटोंसह लिहून, राजीनामा त्याच दिवशी महापालिकेला द्या आणि पोच घ्या. दुसऱ्याचं अर्धवट काम घेताना आधीच्या आर्किटेक्टला कळवणं हा कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या १९८९ च्या आचारनियमांचाच भाग आहे.

नोटीस आलीच तर

ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला गेला, तर बिल्डरला तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. साहजिकच बिल्डर तुमच्याकडे वळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर घाईनं उत्तर देऊ नका, आधी वकिलाला सगळी फाइल दाखवा. आणि इन्स्ट्रक्शन बुकमध्ये मागच्या तारखेची एकही ओळ घालू नका. तसं करताना सापडलात, तर त्या वहीतल्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.