शाळा सुटल्यावर कार्टून: शनिवारचा सव्वा तास कसा लावायचा

गावच्या शाळेत शनिवारी पोरांना टीव्हीवर कार्टून दाखवायची तर आधी वेळ ठरवा. अमेरिकेत शनिवारची सकाळ सुट्टीची असते. पोरं घरी, मायबाप अंथरुणात, आणि गोड नाश्त्याची पाकिटं विकणारे जाहिरातवाले तयार. म्हणून तिथल्या एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांनी साठच्या दशकात विनोदी कार्टून एकामागे एक त्या सकाळी नेऊन लावली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी भागात जिल्हा परिषदेच्या शाळेला शनिवारी सुट्टी नसते, उलट सकाळची शाळा असते. त्यामुळे आमचा कार्यक्रम शाळा सुटून पोट्ट्यांची खिचडी झाली की सुरू होतो आणि बाराच्या आत संपतो. बाराच्या पुढे ताणू नका. उन्हाळ्यात टिनाखाली बसवत नाही, आणि पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या लेकरांना घरी पायी जायचं असतं.

मुख्याध्यापकांना विचारूनच करा. 'आनंददायी शनिवार' हा शासनाचाच उपक्रम आहे, त्यात पुस्तकाबाहेरचं काही करायला वाव आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडून ठराव लिहून घ्या. कागद असला की पुढे कोणी "शाळेत टीव्ही काहून दाखवता?" म्हणत आलं तर बोलायची गरज पडत नाही.

मी पूर्वी गावात केबल चालवायचो. घरावर मोठी छत्री, आत मॉड्युलेटर, आणि खांबाखांबावरून काळी वायर. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ साली आलं. तेव्हा ती वाहिनी दिवसा कार्टून दाखवायची आणि संध्याकाळनंतर त्याच जागी टीएनटी या दुसऱ्या वाहिनीचे जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. कार्टूनही सुरुवातीला इंग्रजीतच. आमच्या गावात इंग्रजी कोणाला येत होतं? तरी टॉम अँड जेरी लागलं की म्हातारे, पोट्टे सगळे एकाच वेळी हसायचे, आणि बडबडीचं कार्टून लागलं की पोट्टे उठून विटीदांडू खेळायला जायचे. २०१७ च्या मार्चअखेर ग्रामीण भागातही अॅनालॉग केबल बंद करायचा हुकूम आला, मी वायरी गुंडाळल्या. आता मोबाईल दुरुस्त करतो. पण कोणतं कार्टून कोणापुढं चालतं हे तेव्हाच कळून चुकलं होतं, आणि शनिवारचा क्रम मी त्यावरच लावतो.

आमच्या शाळेत बसणारी पोरं बघा. पोडावरची घरी कोलामी बोलतात, तांड्यावरची गोरमाटी म्हणजे बंजाऱ्यांची बोली, गावातली वऱ्हाडी. पुस्तक प्रमाण मराठीत आणि टीव्ही हिंदीत. त्यात कापूस वेचणीच्या दिवसांत आई शेतात, म्हणून लहान्या भावाला कडेवर घेऊन आलेली पाचवीतली पोरगी असतेच. एवढ्या सगळ्यांना एकदम हसवायचं तर पहिलं कार्टून बिनबोलीचं पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांत ज्याला कळलं नाही तो मागं सरकतो, आणि एकदा सरकला की पूर्ण कार्यक्रमभर दुसऱ्याच्या पाठीत पेन टोचत बसतो.

बिनबोलीचं निवडताना एक कामाची गोष्ट. टॉम अँड जेरी १९४० साली सुरू झालं, एमजीएम कंपनीत, विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांच्या हातून. ते थिएटरसाठी होतं, सिनेमाच्या आधी दाखवायला, सात-आठ मिनिटांचं. पैसा भरपूर, त्यामुळे हालचालीसाठी हवी तेवढी चित्रं काढता यायची. १९५७ मध्ये एमजीएमनं कार्टूनचं खातं बंद केलं. मग या दोघांनी स्वतःची कंपनी काढली आणि टीव्हीसाठी स्वस्तात कार्टून बनवायला लागले. स्वस्तात बनवायचं तर चित्रं कमी लागतात: अंग स्थिर ठेवून नुसतं तोंड हलवायचं, आणि जे हालचालीतून दिसायचं ते बोलून दाखवायचं. त्यांच्याच कंपनीचं १९६९ चं स्कूबी-डू बघा, अर्ध्या वेळ सगळे उभे राहून बोलतच असतात. त्यामुळे निरनिराळ्या भाषांची पोरं समोर असतील तर जुनं थिएटरचं कार्टून घ्या, टीव्हीसाठी बनलेलं जुनं कार्टून शक्यतो नको. टॉम अँड जेरीचा प्रत्येक भाग मात्र आधी स्वतः पूर्ण पाहा. काही जुन्या भागांत काळ्या लोकांची टिंगल आहे, काहींत सिगारेटी आहेत. ते बाजूला काढा.

आता माझा क्रम सांगतो.

पोरं चपला काढून बसेपर्यंत कॅमिनांडेस लावतो. ब्लेंडर या कार्टून बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरची संस्था ॲमस्टरडॅमला आहे, तिच्याकडच्या या तीन छोट्या फिल्मा आहेत, प्रत्येक दीड ते अडीच मिनिटांची, एक शब्द नाही. त्यात कोरो नावाचा लामा आहे, दक्षिण अमेरिकेतला लोकरीचा प्राणी. दुसऱ्या फिल्ममध्ये त्याला कुंपणापलीकडचं खायचं असतं आणि कुंपणात करंट असतो. आमच्याकडे रानडुकरं आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) शेताला झटका मशीन लावतात. त्यामुळे तो लामा तारेजवळ गेला की पहिलीतलं पोट्टंही ओरडतं, "अबे झटका हाय तिथं!" उशिरा आलेल्याचं काही बुडत नाही आणि आधी आलेले शांत राहतात, म्हणून ही जागा या फिल्मांचीच.

त्यानंतर शॉन द शीप. ब्रिटनच्या आर्डमन कंपनीचं, २००७ पासूनचं, मातीसारख्या पदार्थाच्या बाहुल्यांचं. भाग सात मिनिटांचा. त्यातला शेतकरीसुद्धा नुसता पुटपुटतो. शेळ्या राखणाऱ्या पोरांना हे लय आवडतं. कळप कुत्र्याला कसा बनवतो ते त्यांनी रोज पाहिलेलं असतं. एकाला दुसरा जोडून दोन भाग लावले तरी चालतात.

मग टॉम अँड जेरी, आणि लगेच मधली सुट्टी. हे मुद्दाम. पाठलागाचं कार्टून संपलं की पोरांच्या अंगात तेच शिरतं, एकजण टॉम होतो, बाकीचे सगळे जेरी. ते शाळेच्या मैदानात होऊ द्या. दहा मिनिटं पळू द्या, पाणी पिऊ द्या. हिवाळ्यात आम्ही ओल्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडून आणतो, पालक आळीपाळीनं आणतात. इतर वेळी फुटाणे-मुरमुरे. पाकिटातले कुरकुरे नकोत, ते झाडून काढणाऱ्या मावशींना विचारा का ते.

सुट्टीनंतर हातात शेंगा असतात, तोंड बंद असतं, म्हणून बोलणारं कार्टून इथं चालतं. मोटू पतलू किंवा छोटा भीम, एकच भाग, अकरा मिनिटांच्या आसपासचा. हिंदी सगळ्यांना थोडीफार येते, आणि ज्यांना येत नाही त्यांना शेजारचा सांगतो. मोटू पतलू टीव्हीवर २०१२ मध्ये आलं, पण ती जोडी 'लोटपोट' या हिंदी मासिकातली जुनी आहे. वर्गात मोठं कोणी असेल तर त्याला हे माहीत असतं.

त्यानंतर ऑगी, झुरळांमागे धावणारा बोका. हे फ्रान्सचं, झिलाम कंपनीचं, १९९८ चं. मुळात यात कोणी बोलत नाही. हिंदी आवाज आपल्याकडे टीव्हीवर दाखवताना चढवलेत. मूळ लावलं की पहिली ओरड ठरलेली: "काका, याचा आवाज गेला का जी?" तर तो आवाज पोट्ट्यांनाच काढू द्या. दोघांना पुढं बोलवा, एक ऑगी, एक झुरळ, हातात माईक, आणि वऱ्हाडीत जे सुचेल ते. आमच्याकडचा एक संवाद अजून पोरं म्हणतात: "काहून बे माया फ्रिजले हात लावला? तुया बापानं घेऊन देल्ला का?" कोलामी बोलणाऱ्या पोरांनाही ही पाळी द्या, त्या दिवशी बाकीचे अंदाज करत बसतात आणि दुप्पट हसतात. शिव्यांचा नियम आधीच सांगायचा: एक शिवी, माईक पुढच्याकडे. याला सात मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका, पोट्टे थकत नाहीत पण विनोद थकतो.

शेवटचं शांत. पिंगू लावतो, बर्फातला पेंग्विन, पाच मिनिटांचं, त्याची भाषा कोणाचीच नाही. रस्त्यावरून घरी जाणारी पोरं मारामारी करत जाऊ नयेत यासाठी ही जागा त्याची. शेवटी पाठलाग लावायचा नाही. आणि दोन पाठलाग शेजारी शेजारी तर कधीच नाही. टॉमला लागून ऑगी लावलं तर दुसऱ्याला कोणी हसत नाही, शिरा संपल्याबरोबर बुंदी वाढल्यासारखं होतं.

पोरं "अजून एक लावा नं जी" म्हणणारच. म्हणून फळ्यावर सुरुवातीलाच क्रम लिहा आणि शेवटच्या नावाखाली जाड रेघ ओढा. रेघ आली की टीव्ही बंद. एकदा जरी रेघेखालचं लावलं तर पुढच्या शनिवारपासून रेघेला किंमत राहत नाही.

कायद्याचं थोडक्यात. तिकीट लावायचं नाही, चौकात पडदा टांगायचा नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ नुसार शाळेच्या उपक्रमात चित्रपट दाखवता येतो, पण बघणारे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित लोक एवढेच पाहिजेत. म्हणून कार्यक्रम शाळेचाच ठेवा, मंडळाचा नको. फाइल चोरीच्या साइटवरून उतरवू नका. विकत घेतलेली डीव्हीडी किंवा अधिकृत ठिकाणचंच वापरा. ब्लेंडरच्या फिल्मा, म्हणजे कॅमिनांडेस आणि २००८ ची दहा मिनिटांची बिग बक बनी, खुल्या परवान्यावर आहेत, कुठंही दाखवता येतात. अट एवढीच की बनवणाऱ्यांची नावं दिसली पाहिजेत, तेव्हा शेवटची नावांची पट्टी कापू नका. तुमच्या गावात शाळेची परवानगी जमली नाही तर या फिल्मांवर समाजमंदिरातही अर्धा तास होतो.

यंत्राचं काम आदल्या रात्री करा. मोबाईल टीव्हीला जोडून थेट दाखवू नका. एका गावात जोडला होता, आणि मधेच उसनवारीच्या पैशांचा मेसेज पूर्ण शाळेनं वाचला. शिवाय मधे मधे जुगाराच्या गेमच्या जाहिराती येतात. पेनड्राइव्ह घ्या. फाइल एमपी४ ठेवा. एमकेव्ही फाइल जुन्या टीव्हीवर कधी चालतच नाही, कधी चित्र येतं आणि आवाज येत नाही. नावाच्या आधी ०१, ०२, ०३ असे आकडे टाका, म्हणजे टीव्ही त्याच ओळीनं लावतो. नुसते १, २ टाकले तर १ नंतर १० येऊ शकतो. कोणत्या कार्टूनला किती आवाज लागतो ते कागदावर लिहून रिमोटला रबरानं बांधा, कारण शॉन हळू असतो आणि त्याच्यानंतरचा टॉम छत उडवतो.

टीव्हीचे स्पीकर मागे किंवा खाली असतात, पन्नास पोरांत काही ऐकू येत नाही. गावात गुरुदेव सेवा मंडळाचं भजन असेल तर त्यांचा साउंड बॉक्स मागा, हेडफोनच्या भोकात वायर लावली की झालं. टीव्हीचं तोंड पूर्वेकडे करू नका, सकाळचं ऊन थेट काचेवर येतं. बाजूच्या खिडक्यांना बारदाना लावा, वरची फट मोकळी ठेवा, नाहीतर आत जीव गुदमरतो. सगळ्यात लहान पुढे, पण काचेपासून दोन हात मागं.

लाईन जाणारच, हे धरून चला. ३२ इंची एलईडी टीव्ही पन्नास-साठ वॅटच घेतो, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर, ती धड असेल तर, पूर्ण कार्यक्रम होतो. साउंड बॉक्सचं तेवढं बघा, मोठा असेल तर लाईन गेल्यावर तो काढा आणि पोरांना जवळ सरकवा. बॅटरीही नसेल तर लाईन येईपर्यंत माईकवाल्या दोघांना उभं करा, त्यांना चित्र लागत नाही.

शेवटी साउंड बॉक्स लगेच परत द्या, भजनाच्या वेळेला तो जागेवर नसला तर पुढच्या शनिवारी मिळत नाही. आणि पेनड्राइव्ह मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा, कोणाच्या घरी जाऊ देऊ नका. घरी गेला की त्यात लग्नाचे व्हिडिओ भरले जातात, आणि ०३ नंबरला टॉमच्या जागी कोणाची तरी हळद लागते.