वॉलपेपरच्या कडा नीट कापायच्या तर: कटर, पत्रा आणि ताजं पातं

भिंतीचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात. टेबलावर अगदी बेतून कापलेला पट्टा भिंतीवर गेला की एका टोकाला छताशी फट राहते आणि दुसऱ्या टोकाला कागद दुमडतो. म्हणून प्रत्येक पट्टा वर आणि खाली ५-५ सेंमी जास्त ठेवायचा, चिकटवायचा आणि उरलेलं भिंतीवरच कापायचं. ५३ सेंमी रुंद, १० मीटर लांब रोलमधून साडेनऊ फुटी भिंतीचे तीन पट्टे निघतात. मोठी नक्षी जुळवायची असेल तर कधीकधी दोनच.

अवजारं फार लागत नाहीत. ९ मिमी पात्याचा, टोक मोडत जाणारा कटर घ्या. १८ मिमीचा लांब सरळ कापाला बरा, पण स्विचबोर्डाभोवती वळवताना अडतो. पुट्टी लावायचा ८-१० इंची स्टीलचा पत्रा हवा. त्याच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. खरखरीत लागली तर आधी पॉलिशपेपरने घासा, नाहीतर ओल्या कागदावर ओरखडे उठतील. याशिवाय लांब पात्याची कात्री, प्लॅस्टिकचा स्मूदर (कागद दाबून सपाट करायची पट्टी), ओळंबा, स्पंज आणि पाण्याची बादली.

एकाच भिंतीला कागद लावायचा असेल, तर कोपऱ्यापासून ५१ सेंमीवर ओळंब्याने उभी रेघ मारा. पट्टा त्या रेघेला लावला की २ सेंमी कोपऱ्याकडे जादा राहतात. तेवढे कापायला पुरतात.

आता खरं काम. स्मूदरने हवा काढा आणि छताच्या कोनात कागद दाबून घडी पाडा. पत्रा भिंतीवर, म्हणजे राहणाऱ्या कागदावर, टेकवून कोनात घट्ट बसवा. कटर छताच्या बाजूने, शक्य तितका आडवा धरून, पत्र्याच्या कडेने ओढा. पत्रा संपला की हात थांबवा, पण पातं कागदातून काढू नका; पत्रा पुढे सरकवा आणि तिथूनच चालू करा. पातं उचलून पुन्हा टेकवलं की दोन काप जुळत नाहीत आणि तिथे दात पडतो. स्कर्टिंगशी (भिंतीच्या तळाच्या पट्टीशी) हेच, उलट दिशेने.

कागद फाटतो तो बहुतेक वेळा बोथट पात्यामुळे. ओला कागद मऊ असतो. बोथट टोक त्याला कापत नाही, ओढत नेतं. दर पट्ट्यामागे एक टोक मोडा, आणि तुकडे जुन्या डब्यात टाका. कंजुषी करायचीच तर ती इथे नको, एका पट्ट्याच्या किमतीत पात्यांची अनेक पाकिटं येतात. नवं पातं लावूनही फाटत असेल तर कागद जास्त भिजलाय. दहा-पंधरा मिनिटं थांबा, किंवा घडी स्पष्ट पाडून कड हळूच सोडवा, कात्रीने घडीवर कापा आणि पुन्हा बसवा. भिंतीला खळ लावून चिकटवायचा नॉनवोव्हन (न विणलेल्या तंतूंचा) कागद या बाबतीत सोपा. तो फारसा फुगत नाही.

दोन पट्टे एकमेकांवर चढत असतील, तर दोन्हींमधून एकदम काप घ्यावा लागतो. आपल्याकडे भिंतीला पुट्टी असते, आणि जोर लागला तर पातं तीही चिरतं. पुढे जोडाची कड पुट्टीच्या पापुद्र्यासकट सुटून येते. म्हणून दोन्ही पट्ट्यांच्या मागे, भिंतीलगत, जाड प्लॅस्टिकची ५ सेंमी रुंद पट्टी सरकवा. मग स्टीलपट्टी धरून एकाच दाबात कापा, वरचा आणि खालचा दोन्ही उरलेले तुकडे काढा, प्लॅस्टिक काढा आणि जोड दाबून बसवा. वर आलेली खळ लगेच ओल्या स्पंजने टिपा. वाळली की चकाकणारा डाग राहतो.

स्विचबोर्डापाशी पोचण्याआधी मेन स्विच बंद करा आणि टेस्टरने खात्री करा. प्लेट काढा, कागद वरून सोडा, बोर्डाच्या मधोमध फुलीसारखा काप द्या आणि चारही त्रिकोण असे कापा की प्लेटखाली ५ मिमी कागद जाईल. खळ पुरती वाळल्यावरच वीज सुरू करा. फॉइलचा, धातूची चमक असलेला वॉलपेपर मात्र प्लेटखाली अजिबात जाऊ देऊ नका: त्यातून वीज वाहते. तो प्लेटच्या बाहेरच्या कडेलाच कापायचा.