रेझोल्यूट ते ग्रीस फियोर्ड: ३८५ किलोमीटरची तयारी

आधी अंतराचं बघू. कॅनडाच्या अगदी उत्तरेला नुनावुतमध्ये रेझोल्यूट आणि ग्रीस फियोर्ड ही दोन गावं, दोघांत सरळ हवाई अंतर साधारण ३८५ किलोमीटर, म्हणजे मुंबई-गोव्यापेक्षा कमीच. पण भिंतीवरच्या नकाशावर बोटाने मोजायला जाऊ नका, ७५ अंश अक्षांशावर तो सगळं चौपट ताणून दाखवतो. होकायंत्रही घरीच ठेवा, चुंबकीय ध्रुव जवळ असल्याने तिथे वैमानिकसुद्धा खऱ्या उत्तरेवरूनच दिशा धरतात.

विमान ट्विन ऑटर, छोटं, दोन पंख्यांचं, हवा बरी असेल तर दीड तासाच्या आसपास लागतो. खरा प्रश्न वजनाचा आहे. ग्रीस फियोर्डची धावपट्टी खडीची आणि जेमतेम ५०० मीटरची, बाजूला डोंगर, वाऱ्याचा भरवसा नाही, त्यामुळे उतरता आलं नाही तर परत रेझोल्यूटला यायचं इंधन बरोबर हवंच, आणि ते इंधन जितकं जास्त तितकं सामान कमी. म्हणून तुमची मोठी बॅग नंतरच्या फेरीला येऊ शकते हे गृहीत धरूनच पॅकिंग करा: औषधं, चष्मा, थर्मल, जाड मोजे, चार्जर हे सगळं हातातल्या छोट्या बॅगेत. मऊ बॅग घ्या, कडक सुटकेस नको.

तिकीट काढताना पुढचं कनेक्शन त्याच दिवसाचं अजिबात ठेवू नका, फेऱ्या रोज नसतात आणि धुकं बसलं की बसलं. ओटावाहून इकालुइट, म्हणजे नुनावुतची राजधानी, दोन हजार किलोमीटरच्या वर, तिथून रेझोल्यूट आणखी दीड हजार, म्हणजे शेवटचा तुकडा सगळ्यात छोटा आणि अडकायची शक्यता सगळ्यात जास्त तिथेच. दोन्हीकडे राहायची सोय आधी फोन करून पक्की करा, गावं दीडशे-पावणेदोनशे वस्तीची आहेत, आयत्या वेळी दुसरा पर्याय नसतो. थोडी कॅश ठेवा. दुकानात भाव बघून दचकू नका, जड माल वर्षातून एकदा उन्हाळ्यात जहाजाने येतो आणि बाकी सगळं विमानाने, त्यामुळे चहा, मसाला, सुका खाऊ आपला आपण नेलेला बरा. दारूचे नियम गावागणिक वेगळे, आधी विचारून घ्या.

दवाखान्यात नर्स असतात, गंभीर काही झालं तर विमानानेच हलवतात, तेव्हा इन्शुरन्समध्ये तो खर्च धरलाय का ते नीट वाचा. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून, आणि बाहेरून घरात शिरताना कॅमेरा पिशवीत बंद करूनच न्या, नाहीतर लेन्सवर दव धरतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सूर्य उगवतच नाही, त्या काळात जायचं तर हेडलॅम्प हवा.

एक वाचून जायची गोष्ट: १९५३ पासून सरकारने इनुइट, म्हणजे इथल्या उत्तरेच्या मूळ रहिवाशांची, कुटुंबं दक्षिणेकडून आणून या दोन गावांत वसवली, शिकारीची मोठमोठी आश्वासनं देऊन, आणि माफी मागितली थेट २०१० मध्ये. तेव्हा म्हाताऱ्या माणसांसमोर "वा, काय ॲडव्हेंचर" असं काही बोलू नका आणि फोटो विचारूनच काढा.

रेझोल्यूटहून ग्रीस फियोर्डला जाताना घड्याळ एक तास पुढे करा, आणि सीट निवडता आली तर खिडकीची घ्या, वाटेत डेव्हन बेट लागतं, जगातलं सगळ्यात मोठं निर्मनुष्य बेट.