सांडपाणी प्रक्रियेतील अपयशाची जोखीम: पीएचडी संशोधनाची आखणी कशी करावी

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील अपयशाच्या जोखमीवर पीएचडी करायचे ठरले, की बहुतेक विद्यार्थी आधी पद्धत निवडतात. कोणी फॉल्ट ट्री (अपयशाची कारणे झाडासारख्या आकृतीत मांडणे), कोणी बेजियन नेटवर्क (घटनांचे परस्परसंबंध शक्यतांच्या जाळ्यात मांडणे), तर कोणी मशीन लर्निंग. हा क्रम उलटा आहे. आपल्या प्रबंधात ‘अपयश’ कशाला म्हणायचे, याचे उत्तर पद्धतीला हात घालण्यापूर्वी लिहून काढावे. ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारे यंत्र, बंद पडणे हा बिघाड आहे; पण राखीव ब्लोअर दहा मिनिटांत सुरू झाला आणि वायुवीजन टाकीतील विरघळलेला ऑक्सिजन पुन्हा लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत आला, तर बाहेर पडणाऱ्या पाण्यावर त्याचा सहसा परिणाम दिसत नाही. उलट सगळी यंत्रे सुरळीत चालू असताना टाकीत तंतुमय जिवाणू माजतात, गाळ (म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंचा साका) फुगतो आणि निवळण टाकीच्या काठावरून वाहून जातो, तेव्हा देखभालीच्या नोंदवहीत एक ओळही नसते, तरीही प्रक्रिया अपयशी ठरलेली असते.

व्याख्येत घटक, मर्यादा आणि कालावधी या तिन्ही गोष्टी हव्यात. कालावधीकडे हमखास दुर्लक्ष होते. चोवीस तासांच्या मिश्र नमुन्यावर मोजलेला बीओडी (पाण्यातील सेंद्रिय मळ कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) आणि महिन्याची सरासरी यांवरून एकाच केंद्राच्या अपयशांची संख्या पूर्णपणे वेगळी निघू शकते.

यानंतर एक साधे गणित करून पाहावे. नवख्या संशोधकाचे डोळे त्याने उघडतात. समजा, बीओडीची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे, रोजची मोजमापे लॉगनॉर्मल वितरणात (ज्यात मोठ्या आकड्यांकडे लांब शेपूट असते) बसतात आणि त्यांचा चलन गुणांक, म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी, ०.५ आहे. ९५ टक्के दिवस मर्यादा पाळायची असेल, तर सरासरी सुमारे १५.४ वर ठेवावी लागते. चलन गुणांक १ झाला, तर तीच सरासरी सुमारे १०.८ पर्यंत खाली आणावी लागते. ‘सरासरी २५ आहे, म्हणजे केंद्र ठीक चालले आहे’ हे वाक्य म्हणूनच जोखमीच्या अभ्यासात निरर्थक आहे.

माहिती गोळा करताना संगणकातील नोंदींइतकेच महत्त्व पाळीवरील ऑपरेटरच्या वहीला द्यावे, आणि ती वही कशी भरली जाते हे त्याच्या शेजारी बसून पाहावे. एक लिटरच्या नळकांड्यात टाकीतील मिश्रण भरून तीस मिनिटे स्थिर ठेवतात. गाळ ४५० मिलिलिटरच्या खुणेवर थांबला आणि मिश्रणात लिटरला ३ ग्रॅम घनपदार्थ असतील, तर गाळ आकारमान निर्देशांक (एसव्हीआय) १५० येतो, जो फुगणाऱ्या गाळाचा इशारा समजला जातो. आता वहीत सलग नऊ दिवस ‘४५०’ हाच आकडा, एकाच शाईत आढळला, तर ती नऊ मोजमापे समजू नयेत. अशा नोंदी गाळण्याचा निकष आधीच ठरवावा आणि प्रबंधात सांगावा. ऑपरेटरवर दोष ठेवण्याचा सूर मात्र टाळावा. पुढच्या वेळी तो बोलणार नाही, आणि निम्मी जोखीम त्याच्या बोलण्यातूनच कळते.

पद्धतींपैकी एफएमईए (संभाव्य बिघाड आणि त्यांचे परिणाम यांना गुण देण्याची पद्धत) सुरुवातीच्या छाननीला पुरेशी आहे, तिच्यावर निष्कर्ष उभारू नयेत. तीव्रता, वारंवारता आणि शोधक्षमता यांना प्रत्येकी १ ते १० गुण देऊन गुणाकार केला, तर ९×२×५ आणि ३×६×५ या दोन्हींचे उत्तर ९० येते. प्रत्यक्षात पहिल्यात सगळा गाळ गमावण्याचा धोका असेल आणि दुसरी केवळ रोजची कटकट असेल. क्रमदर्शक आकड्यांचा गुणाकार करण्याचा हा मूळ दोष आहे.

फॉल्ट ट्रीमध्ये सर्वाधिक चुका सामाईक कारणांबाबत होतात. दोन ब्लोअर प्रत्येकी १ टक्का वेळ बंद राहतात असे धरले, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता ०.०१ टक्के निघते. पण दोघांना वीज देणारे पॅनेलच ०.५ टक्के वेळ बंद असेल, तर खरी जोखीम पन्नासपट होते. म्हणून आकृती काढण्याआधी केबल कुठून कुठे जाते, ते स्वतः चालत जाऊन पाहावे. नकाशात जनरेटर स्वतंत्र दिसतो आणि जागेवर त्याचीही केबल त्याच पॅनेलमध्ये शिरते, असे घडू शकते.

फॉल्ट ट्रीला काळाचे भान नसते, ही या विषयातली खरी अडचण. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू संथ वाढतात. विषारी पाण्याच्या एका लोंढ्याने ते मेले, तर पंप तासाभरात दुरुस्त होतो, पण नायट्रीकरण सावरायला कित्येक आठवडे लागू शकतात. शिवाय १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सुमारे ७.१ ग्रॅम अल्कता (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) खर्च होते. ती संपत आली, की सामू घसरतो आणि उरलेले जिवाणूही मंदावतात. हे टप्पे दाखवायला सक्रिय गाळ प्रक्रियेच्या १९८७ मधील एएसएम१ या गणिती प्रारूपासारखे गतिशील प्रारूप वापरावे आणि बिघाडांच्या घटना यादृच्छिकपणे त्यात सोडाव्यात.

दुर्मिळ अपयशांबाबत ३०० दिवसांत एकही घटना दिसली नाही, म्हणून शक्यता शून्य लिहू नये. दिवस परस्परांपासून स्वतंत्र मानले, तरी ९५ टक्के विश्वासाने रोजची शक्यता १ टक्क्यापर्यंत असू शकते; आणि सलग दिवस स्वतंत्र नसतातच, त्यामुळे प्रत्यक्षातील अनिश्चितता याहून मोठी असते. प्रारूपाची पडताळणी करताना दिवस यादृच्छिकपणे विभागू नयेत, कारण कालचा गाळच आज टाकीत असतो आणि प्रारूपाला उत्तर आधीच कळते. शेवटचे संपूर्ण वर्ष बाजूला ठेवावे आणि प्रारूप पक्के होईपर्यंत त्याची फाइल उघडू नये.