जुन्या नॉकआउट कपचा अख्खा ड्रॉ क्लबच्या भिंतीवर कसा चढवायचा (१९०१ चा एफए कप घेऊन)

पावसात ग्राउंडवर पाणी साचलं, प्रॅक्टिस बंद पडली की क्लबच्या खोलीत पोरं नुसती मोबाईल घेऊन बसतात, त्यावर माझ्याकडे एक उपाय आहे, एखादा जुना फुटबॉल सीझन घ्या आणि त्याचा सगळा ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळलं आणि कोण पुढे गेलं त्याचा तक्ता, भिंतीवर लावा. हल्लीचा सीझन नको, त्याचं सगळं गुगलवर तयार मिळतं आणि पोरं दोन मिनिटांत कंटाळतात. मी १९००-०१ चा इंग्लंडचा एफए कप घ्यायला सांगेन, कारण त्या वर्षी कप जिंकलेली टीम मुख्य लीगमधली, म्हणजे फुटबॉल लीगमधली, नव्हतीच. टॉटनहॅम तेव्हा सदर्न लीग खेळायची, फुटबॉल लीग १८८८ मध्ये सुरू झाल्यापासून लीगबाहेरच्या टीमने कप नेला असं फक्त त्या एकदाच घडलंय.

सामान फार लागत नाही. चवथीच्या मखराचा उरलेला थर्माकोल असतोच कुणाच्या तरी माळ्यावर, तो, टाचण्या, जाड दोरा आणि पोस्टकार्डाएवढे कापलेले पुठ्ठे. डायरेक्ट चार्ट पेपरवर लिहू नका, कारण नंतर एक तारीख सापडते, मग एक ग्राउंड सापडतं, आणि खाडाखोड करून त्या चार्टची पार वाट लागते.

आता मुख्य गोष्ट. सुरुवात फायनलपासून करायची आणि मागे मागे जायचं. सगळे पहिल्या राउंडपासून सुरू करतात, बत्तीस टीमची नावं लिहून होईपर्यंत दमतात आणि तिसऱ्या राउंडला सोडून देतात. उलट फायनलच्या दोन टीम घेतल्या की हातात दोनच दोरे राहतात. टॉटनहॅमचा दोरा धरला की सेमीत वेस्ट ब्रॉम, त्याआधी रेडिंग, त्याआधी बरी, त्याआधी प्रेस्टन. दुसऱ्या बाजूने शेफिल्ड युनायटेडचा दोरा अ‍ॅस्टन व्हिला, वुल्व्ज, एव्हर्टन, संडरलंड असा मागे जातो. मग हरलेल्या प्रत्येक टीमचा दोरा तसाच मागे ओढायचा, बत्तीसच्या बत्तीस आपोआप येतात. त्याच्याही आधी क्वालिफाइंगचे राउंड होते पण ते भिंतीवर मावणार नाहीत, सोडा.

एका लढतीला एक पुठ्ठा, त्यावर काय लिहायचं? नुसता स्कोर लिहिलात तर सगळी मजा गेली. तारीख, ग्राउंड कुणाचं, स्कोर, आणि बरोबरी झाली असेल तर रिप्ले कधी, कुठे. आपल्याकडे गावच्या टुर्नामेंटला बरोबरी झाली की लगेच टायब्रेकर, अंधार पडायच्या आत निकाल लागलाच पाहिजे, पुढच्या संध्याकाळी दुसरी मॅच ठरलेली असते. तेव्हा टायब्रेकर हा प्रकारच नव्हता, बरोबरी झाली की पुन्हा खेळा, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या ग्राउंडवर जाऊन. म्हणजे प्रेस्टनच्या पुठ्ठ्यावर असं येईल: ९ फेब्रुवारी १९०१, टॉटनहॅमचं ग्राउंड, १-१, खाली १३ फेब्रुवारी, प्रेस्टनचं ग्राउंड, ४-२ टॉटनहॅम. पहिला राउंड खरं तर जानेवारीत व्हायचा होता, पण २२ जानेवारीला व्हिक्टोरिया राणी वारली म्हणून सगळं पुढे गेलं, हे पण कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहा, नाहीतर कोणीतरी विचारणारच की एवढा उशिरा का सुरू झाला.

मग बरीशी २-१, बरी म्हणजे आदल्या वर्षीचे चॅम्पियन. रेडिंगकडे जाऊन १-१, घरी रिप्ले ३-० . सेमी वेस्ट ब्रॉमशी ४-०, चारही गोल सँडी ब्राउनचे. हा ब्राउन त्या कपात एकूण १५ गोल मारून गेला, प्रत्येक राउंडमध्ये गोल. त्याच्या नावाचा वेगळ्या रंगाचा ठिपका ठेवा आणि टॉटनहॅमच्या पुठ्ठ्यांवर चिकटवत जा, लहान पोरांना हे काम द्या, ती आनंदाने करतात.

हिशेब तपासायची एक सोपी ट्रिक आहे. नॉकआउटमध्ये एक सोडून बाकी प्रत्येक टीम एकदाच हरते. बत्तीस टीम म्हणजे एकतीस हार, तेवढेच पुठ्ठे, कमी नाही जास्त नाही. एखाद्या टीमवर दोन दोरे तुटताना दिसले तर नक्की कुठेतरी दुसऱ्याच टीमचं नाव पडलंय. पण पुठ्ठे एकतीस म्हणजे मॅच एकतीस नव्हेत हां, रिप्ले वेगळे. टॉटनहॅमला पाच पुठ्ठे पार करायला आठ मॅच खेळाव्या लागल्या.

नावांची गडबड ही सगळ्यात मोठी. न्यूटन हीथ असं दिसलं की पोरं म्हणतात ही कुठली टीम, ती म्हणजे मँचेस्टर युनायटेड, नाव १९०२ मध्ये बदललं. स्मॉल हीथ म्हणजे आताचे बर्मिंगहॅम सिटी, वुलिच आर्सेनल म्हणजे आर्सेनल. शेफिल्डच्या दोन टीम आहेत, युनायटेड आणि वेन्सडे, आणि वेन्सडेच्या नावात तेव्हा शेफिल्ड नव्हतंच, ते १९२९ ला लागलं, त्यामुळे नुसतं 'शेफिल्ड' लिहून ठेवू नका. माझा नियम असा की पुठ्ठ्यावर त्या काळचंच नाव, आजचं नाव मागच्या बाजूला. आजचं नाव पुढे लिहिलं की लोक आजची टीम डोक्यात घेऊन बघतात आणि मग 'मँचेस्टर एवढी लवकर बाहेर कशी' वगैरे फालतू वाद सुरू.

बाजूला एक छोटं ग्राउंड पण काढा, पण आजचं नको. पेनल्टी १८९१ पासून होती खरी, पण आपण बघतो तो पेनल्टी बॉक्स १९०२ मध्ये आला, १९०१ च्या ग्राउंडवर गोलपासून बारा यार्डांवर आडवी रेघ असायची. गोलकीपर आपल्या अर्ध्या ग्राउंडात कुठेही बॉल हाताने धरू शकायचा, हे १९१२ पर्यंत चाललं. शर्टावर नंबर नाहीत, सब्स्टिट्यूट नाही, कोण लंगडला तर लंगडतच खेळायचा. आणि ऑफसाइड न व्हायला पुढे समोरच्या टीमचे तीन जण लागायचे, १९२५ ला दोन झाले. हे पोरांना ग्राउंडवर एकदा खेळून दाखवा, दहा मिनिटांत फॉरवर्ड लोक शिव्या घालतील.

फायनलच्या पुठ्ठ्याला मात्र जागा जास्त सोडा. २० एप्रिल १९०१, लंडनचं क्रिस्टल पॅलेस, पब्लिक १,१०,८२०. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमसारखी पाच स्टेडियमं गच्च भरली तरी माणसं बाहेर उरतील एवढी. शेफिल्डचा प्रीस्ट पहिला गोल मारतो, ब्राउन दोन मारून टॉटनहॅमला पुढे नेतो, आणि लगेच तो वादाचा गोल. शेफिल्डचा शॉट येतो, कीपर क्लॉलीच्या हातातून बॉल सुटतो, शेफिल्डचा बेनेट अंगावर धावून जातो, बॉल लाइनीच्या बाहेर जातो आणि रेफरी किंग्सकॉट म्हणतो गोल. त्याचं म्हणणं बॉल आधीच गोललाइन ओलांडून आत गेला होता. मॅचची फिल्म काढलेली होती, तीत बॉल आत गेलेला दिसत नाही. १९०१ मध्ये! व्हीएआरवर, म्हणजे व्हिडिओ बघून दिलेल्या निकालावर, भांडणाऱ्यांनी हा पुठ्ठा रोज वाचावा. पण तक्त्यावर स्कोर २-२ च लिहायचा, रेफरीने दिलेला निकाल आपण भिंतीवर बदलायचा नाही, तुमचं मत काय ते मागे लिहा.

रिप्ले २७ एप्रिलला बोल्टनच्या बर्नडन पार्कवर, टॉटनहॅम ३-१. पब्लिक वीस हजारांच्या आसपास. आठवड्यात एवढी माणसं गेली कुठे? बोल्टनच्या स्टेशनचं काम चालू होतं म्हणून रेल्वेने स्वस्त तिकिटं दिली नाहीत, आणि लंडनहून एवढ्या लांब पूर्ण भाडं भरून कोण जाणार. दुकानदारांनी मात्र गर्दी येणार म्हणून ढीगभर पाय (pie, सारण भरून भाजलेला खाऊ) बनवून ठेवलेले, ते तसेच पडून राहिले, त्या दिवसाला 'पाय सॅटर्डे' असं नावच पडलं. आपल्याकडे फायनलला ऑम्लेट पाववाल्याने जास्तीचे पाव आणावे आणि नेमका धो धो पाऊस यावा, तसलाच प्रकार. म्हणून पब्लिकचा आकडा लिहिताना त्याच्या बाजूला कारण पण लिहा, नाहीतर बघणाऱ्याला वाटेल रिप्लेत कुणाला इंटरेस्टच नव्हता.

बत्तीस टीम जास्त वाटत असतील तर आधी एकाच टीमचा दोरा लावून हात बसवा. त्यासाठी १९११ ची कलकत्त्याची आयएफए शील्ड झकास आहे, मोहन बागानचा रस्ता: सेंट झेवियर्स ३-०, रेंजर्स २-१, रायफल ब्रिगेड १-०, सेमीत मिडलसेक्स रेजिमेंटशी १-१ आणि रिप्ले ३-०, मग २९ जुलैला फायनल, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट २-१. कॅप्टन शिबदास भादुरी, जिंकायचा गोल अभिलाष घोषचा, आणि अकरातला एक सुधीर चॅटर्जी सोडला तर बाकी सगळे अनवाणी. सहा मॅच, एका दुपारचं काम.

हे दोन्ही जमले की गावच्या कपाकडे वळा. पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जुने पेपर बघायला मिळतात, मराठीत 'गोमन्तक' १९६२ पासूनचा. तिथेही फायनलची तारीख आधी शोधा, बातमीत 'सेमीत अमक्याला हरवून' असं वाक्य बहुतेक असतंच, तेच तुमचं मागचं टोक. गावातल्या म्हाताऱ्या प्लेअरांना विचारायला जाल तेव्हा रिकामा पुठ्ठा नेऊ नका, पेपरातला स्कोर लिहून न्या, चुकला असेल तर ते लगेच सांगतात आणि वर गोल कोणी मारला तेही सांगतात, नुसतं 'काय आठवतं काका' विचारलंत तर संध्याकाळपर्यंत रेफरीला शिव्या ऐकाव्या लागतील.